आपल्या अंगाच्या रंगाला शोभेल असा मोती कसा निवडावा : सराफ बाजारात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मोती बघायला जायचं त्या दिवशी भडक रंगाचे कपडे घालू नका. लाल कुर्त्याची लाली गळ्यावर चढते, हिरव्या साडीचा हिरवेपणा हनुवटीखाली उतरतो, आणि मोत्याची गुळगुळीत पाठ समोरचं सगळं टिपून घेते. मग दुकानात आवडलेला मोती घरी आल्यावर वेगळाच वाटतो. साधा पांढरा किंवा राखाडी सुती कुर्ता घाला. पावडर, क्रीम, लिपस्टिक काही लावू नका. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान बाजारात पोहोचा. पुढचं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढ्यानं निम्म्या चुका टळतात.

मी गेली अठरा वर्षं नाशिकच्या पंचवटीत घरी बसून मोत्याचे दागिने गाठवते. तन्मणी, चिंचपेटी, कुड्या, नथ, बाजूबंद असं सगळंच. काही काम सराफ बाजारातून येतं, आणि लग्नसराईत बायका थेट घरीही येतात. कुणाच्या हातात आजीचा तुटलेला सर असतो, कुणाकडे डबीभर सुटे मोती. इतक्या वर्षांत एक वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय : ‘हिचा रंग जरा सावळा आहे, हिला मोती खुलतील का?’ ते ऐकलं की मला अजून वाईट वाटतं, कारण समोर बसलेली मुलगी तेवढ्यानं मान खाली घालते आणि मावशी-आत्या तिच्यासाठी मिळमिळीत काहीतरी उचलतात. मोती सगळ्यांना खुलतो. कोणता मोती कुणाला खुलेल हे गोरेपणावर ठरत नाही. त्वचेत एक झाक असते, मोत्यावर एक झाक असते, आणि त्या दोघींचं जमतंय की नाही एवढंच बघायचं असतं.

आधी तीन शब्द नीट समजून घ्या : रंग, झाक आणि पाणी

नवीन माणूस मोत्याकडे बघून ‘पांढरा’ म्हणतो आणि थांबतो. जाणकार तीन गोष्टी वेगवेगळ्या बघतो.

पहिला मोत्याचा मूळ रंग. पांढरा, मलईसारखा, सोनेरी, राखाडी, काळपट, पीच, जांभळट. दुसरी त्याच्यावर तरंगणारी झाक. पांढऱ्या मोत्यावर गुलाबी झाक असेल, रुपेरी असेल किंवा अगदी हलकी हिरवट असेल. येवल्याच्या धूपछाँव पैठणीचा पदर हातात धरून हलवला आहे का? ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, म्हणून कापड हललं की रंग पालटतो. मोत्याचा रंग आणि झाक यांचं नातं डोळ्यांना साधारण तसंच भासतं.

झाक येते कुठून? मोती म्हणजे एकावर एक बसलेले थर, लासलगावच्या कांद्यासारखे. फक्त हे पापुद्रे कमालीचे पातळ असतात. अ‍ॅरॅगोनाइट नावाच्या कॅल्शियम कार्बोनेटच्या चकत्या आणि त्यांना धरून ठेवणारं सेंद्रिय द्रव्य यांचा एकेक थर सुमारे अर्ध्या मायक्रॉनचा असतो. म्हणजे एका मिलिमीटरात दोनेक हजार थर. प्रकाश या थरांतून आत जातो, वेगवेगळ्या थरांवरून परत फिरतो, परतीच्या वाटेवर किरण एकमेकांत मिसळतात आणि काही रंग उजळतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर इंद्रधनुष्य दिसतं, त्याचंही कारण हेच. म्हणून झाक पुसून जात नाही. ती थरांच्या घडणीतच असते.

तिसरं पाणी. मोत्याला ‘पाणीदार’ म्हणतात ते याच गुणावरून. चांगल्या पाण्याच्या मोत्यात खिडकीची चौकट, तुमचं बोट, समोरचा दिवा कडांसकट स्पष्ट दिसतो. कमी पाण्याच्या मोत्यात तेच प्रतिबिंब धुरकट होतं. बागेतून नुकत्याच तोडलेल्या द्राक्षावर पांढुरका थर असतो, तो बोटानं पुसला की खालची चमक उघडी पडते. कमी पाण्याचा मोती त्या न पुसलेल्या द्राक्षासारखा दिसतो, आणि त्याला पुसायची सोय नाही.

या तिन्हींत मी पाणी पहिलं धरते. रंग थोडा इकडचा तिकडचा चालतो. पाणी नसेल तर कोणत्याही रंगाचा मोती कोणत्याही गळ्यावर खडूच्या मण्यासारखा दिसतो, आणि ‘मोती मला शोभत नाहीत’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणींनी असलेच मोती घातलेले असतात.

आता स्वतःची त्वचा बघा, आणि ती घरीच बघा

आपल्याकडे रंगाला शब्द भरपूर आहेत : केतकी, तांबूस गोरी, पिवळसर गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी. हे शब्द कुणाला खालीवर करण्यासाठी वापरले नाहीत तर फार उपयोगी आहेत, कारण त्यांतल्या ‘तांबूस’ आणि ‘पिवळसर’मध्येच आपल्याला हवी ती माहिती आहे. ब्युटी पार्लरमध्ये याला कूल आणि वॉर्म म्हणतात. मी साधं गुलाबी बाजू आणि पिवळी बाजू म्हणते. काहींची त्वचा मधली असते, आणि आपल्या भागात गव्हाळ रंगात थोडी हिरवट बाजूही बऱ्याचदा सापडते.

ओळखायची सोपी रीत अशी. सकाळी तोंड धुऊन अर्धा तास जाऊ द्या, म्हणजे चोळल्यानं आलेली लाली उतरते. उत्तरेकडची खिडकी असेल तर उत्तम, कारण तिथे बहुधा थेट ऊन येत नाही आणि उजेड एकसारखा राहतो. नसेल तर ऊन न येणाऱ्या दुसऱ्या खिडकीपाशी बसा. हातात दोन कापडं घ्या : एक पांढराशुभ्र रुमाल आणि एक कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा. मांजरपाट कुठल्याही कापडाच्या दुकानात स्वस्तात मिळतं आणि त्याचा तो न धुतलेला मळकट-मलई रंगच आपल्याला हवा असतो. दोन्ही आळीपाळीनं हनुवटीखाली धरा. पांढऱ्या रुमालानं चेहरा ताजा वाटला आणि मांजरपाटानं थकलेला, तर तुम्ही गुलाबी बाजूच्या. उलट झालं, म्हणजे पांढऱ्यानं चेहरा राखट आणि मांजरपाटानं उबदार दिसला, तर पिवळ्या बाजूच्या. दोन्ही सारखेच चालले तर मधल्या.

मनगटाच्या आतल्या शिरा बघायची युक्तीही सगळीकडे सांगतात : निळसर-जांभळ्या दिसल्या तर गुलाबी बाजू, हिरवट दिसल्या तर पिवळी. गोऱ्या आणि गव्हाळ रंगावर ती थोडीफार चालते. सावळ्या मनगटावर शिरा धड दिसतच नाहीत, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका. तिथे जरीची परीक्षा जास्त बरी. सोनेरी जरीचा काठ आणि चंदेरी जरीचा काठ खांद्यावर टाकून बघा, कोणत्यानं डोळे आणि दात उजळ वाटतात ते पटकन कळतं.

एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. आपण चेहरा बघतो आणि मोती घालतो गळ्यात. गळ्याचा रंग चेहऱ्यापेक्षा बहुधा एक-दोन छटा वेगळा असतो. तन्मणी किंवा सर घ्यायचा असेल तर कापड गळ्याशी धरून बघा, नथ घ्यायची असेल तर वरच्या ओठाजवळ. आणि हळद लागल्यानंतरच्या आठवड्यात किंवा मे महिन्यात गावाला उन्हात भटकून आल्याबरोबर ही परीक्षा करू नका. तेव्हा दिसतो तो रंग तुमचा नसतो.

निसर्गात मोती कोणकोणत्या रंगांचे मिळतात

रंग मुख्यतः शिंपल्याच्या जातीवर अवलंबून असतो. शेतीच्या, म्हणजे माणसानं शिंपल्यात पेरून वाढवलेल्या, मोत्यात आणखी एक गोष्ट येते : मोती तयार व्हावा म्हणून ज्या दुसऱ्या शिंपल्याच्या ऊतीचा बारीक तुकडा आत पेरतात, त्याच्या रंगाचाही परिणाम होतो.

आपल्या बाजारात सगळ्यात जास्त दिसतो तो गोड्या पाण्यातला मोती. तो बहुतांश चीनमधून येतो आणि हैदराबादच्या व्यापाऱ्यांच्या हातून आपल्यापर्यंत पोहोचतो, म्हणून त्याला ‘हैदराबादी मोती’ म्हणायची सवय पडली आहे. हैदराबादच्या आसपास समुद्र नाही. ते शहर मोती वेजायला (दोऱ्यासाठी भोक पाडायला), निवडायला आणि विकायला प्रसिद्ध झालं. या मोत्यात पांढरा, मलई, पीच, गुलाबी आणि जांभळट हे रंग निसर्गतः येतात. खिशाला परवडणारा आणि रंगांत श्रीमंत, म्हणून पहिल्या खरेदीला मी हाच सुचवते.

अकोया हा समुद्रातला, जपानशी नाव जोडलं गेलेला मोती. १८९३ मध्ये मिकिमोतो कोकिची यांनी याच जातीच्या शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला आणि पुढे मोत्याच्या शेतीचं सगळं जगच बदललं. अकोया पांढरा किंवा मलई असतो, वर गुलाबी, रुपेरी किंवा हिरवट झाक. पाणी आरशासारखं. मात्र पुष्कळसे अकोया ब्लीच करून वर हलकी गुलाबी छटा दिलेले असतात. व्यापारात ते चालतं, फक्त आपल्याला माहीत असावं.

साऊथ सी मोती आकारानं मोठे, बरेचसे १० ते १५ मिलिमीटरचे. ऑस्ट्रेलियातले रुपेरी-पांढरे, फिलिपिन्स आणि इंडोनेशियातले सोनेरी. शिंपला एकाच जातीचा, फक्त एकाच्या ओठाची कड (शिंपल्याचा आतला काठ) चंदेरी आणि दुसऱ्याच्या ओठाची सोनेरी. खरा, न रंगवलेला गडद सोनेरी मोती म्हटलं की तो जवळजवळ नेहमी इथलाच.

ताहिती मोती फ्रेंच पॉलिनेशियातल्या काळ्या ओठाच्या शिंपल्यातून येतो. ‘काळा मोती’ म्हणतात, पण निव्वळ काळा क्वचितच असतो. राखाडी, हिरवट, मोरपंखी, वांगी रंगाचा असा तो बदलत राहतो. मोरपंखी झाकेचा ताहिती पहिल्यांदा हातात आला त्या रात्री मी दिवा घालवून पुन्हा लावून बघत होते.

आणि बसरा मोती. हा शेतीचा नव्हे, इराणच्या आखातातला, पाणबुड्यांनी बुडी मारून काढलेला. रंग बहुधा मलईकडे झुकणारा, त्यावर मऊ गुलाबी झाक. मुंबई ही या व्यापाराची मोठी पेठ होती आणि तिथे हे मोती ‘चव’ या मापानं मोजले जात. १९३०च्या दशकात जपानी शेतीचे मोती स्वस्तात आले, जगभर मंदी होती, १९३२ मध्ये बहारीनला तेल लागलं, आणि तो धंदा मोडला. म्हणून आज बसरा मोती जुन्या घरांतल्या पेट्यांत सापडतात. तुमच्याकडे पणजीची नथ असेल आणि तिचे मोती अगदी एकसारखे गोल नसतील, तर ती मोडीत टाकण्याआधी एकदा मुंबईच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत दाखवा. मोती शिंपल्यात आपोआप झालेला की पेरलेला, हे क्ष-किरणांनी आतली रचना बघूनच खात्रीनं सांगता येतं. नुसत्या डोळ्यांनी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कुणाला काय खुलतं

इथे मी माझा अनुभव सांगते. हे नियम म्हणून पाठ करू नका, सुरुवात म्हणून वापरा.

तांबूस गोऱ्या किंवा केतकी रंगावर रुपेरी अथवा गुलाबी झाकेचा पांढरा मोती सहज बसतो. जांभळट गोड्या पाण्याचे मोतीही सुंदर दिसतात. गडद सोनेरी मोत्यानं अशी त्वचा लालसर, जरा तापल्यासारखी दिसू शकते. पिवळसर गोऱ्या रंगावर मलई आणि पीच हे घरचे रंग. पांढराच हवा असेल तर गुलाबी झाकेचा घ्या. ती गुलाबी झाक चेहऱ्यावर थोडा रंग आणते, हिरवट झाक मात्र पिवळेपणा वाढवते.

गव्हाळ रंग आपल्याकडे सगळ्यात जास्त, आणि दुकानात सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. बहुतेक जणी पांढरेशुभ्र ब्लीच केलेले मोती उचलतात, कारण पांढरं म्हणजे चांगलं असं मनात पक्कं बसलेलं असतं. गव्हाळ गळ्यावर ते प्लास्टिकसारखे वेगळे पडतात. त्याच गळ्यावर मलई रंगाचा, गुलाबी झाकेचा सर ठेवून बघा. मोती आणि त्वचा यांच्यात जणू एकच दिवा लागतो. जुन्या फोटोंत आजीचा तन्मणी तिच्या गळ्यावर जन्मल्यासारखा का दिसतो, त्याचं एक कारण बसऱ्याचा तो मलई रंग आहे. गव्हाळात हिरवट बाजू असेल तर हिरवट झाकेचे पांढरे मोती टाळा. फिकट सोनेरी किंवा मोरपंखी ताहिती वापरून बघा.

आता सावळ्या रंगाकडे येते, कारण यासाठीच मी लिहायला बसले. दोन वर्षांपूर्वी सिन्नरहून एक मुलगी मावशीला घेऊन आली होती. लग्न महिन्यावर. मावशीनं आधीच ठरवलं होतं की हिला फिकट पीचचे बारीक मोती घ्यायचे, ‘म्हणजे फरक कळणार नाही’. मी मुलीला खिडकीशी बसवलं आणि तिच्या गळ्यावर तीन सर आळीपाळीनं ठेवले. पीचचा सर त्वचेत विरघळून गेला, काही घातलंय हेच कळेना. दुसरा पांढरा, पण कमी पाण्याचा. तो खडूसारखा कोरडा दिसला. तिसरा आठ मिलिमीटरचा, रुपेरी झाकेचा, चांगल्या पाण्याचा पांढरा. तिच्या रंगात तांबूसपणा होता. त्या मोत्यांची कडा तिच्या त्वचेवर अशी उमटली की मावशीच ‘अगं बाई’ म्हणून पुढे झाली. सावळ्या त्वचेवर मोत्याचा उजेड मागे गडद पडदा असावा तसा उठून दिसतो, गोऱ्या त्वचेवर तो तेवढा कधीच दिसत नाही. फरक लपवायचा नसतो. फरक हेच तर सावळ्या रंगाचं बळ आहे.

म्हणून सावळ्या आणि काळ्यासावळ्या रंगासाठी पाण्यावर तडजोड करू नका आणि मोती शक्यतो अगदी बारीक घेऊ नका. तांबूस सावळ्या रंगावर रुपेरी पांढरा आणि जांभळट छान. पिवळ्या बाजूच्या सावळ्या रंगावर सोनेरी मोती इतका सुरेख दिसतो की तो इतर कुठल्याच रंगावर तसा दिसत नाही, असं मला वाटतं. काळा ताहितीही चालतो, मात्र त्यावर मोरपंखी किंवा वांगी झाक ठळक हवी. निव्वळ गडद राखाडी मोती हरवून जातो.

पुरुषांनाही हेच लागू. भिकबाळी किंवा शेरवानीवरची माळ घेताना कुणी त्वचेची झाक बघत नाही. दाढीच्या काळ्या रंगाशेजारी मलई मोती बहुधा मऊ दिसतो, पांढराशुभ्र नाही.

सराफ बाजारात गेल्यावर

जाण्याआधी खिशात तो पांढरा रुमाल आणि मांजरपाटाचा तुकडा ठेवा. दुकानातले दिवे बहुधा पिवळसर असतात, सोनं खुलावं म्हणून मुद्दाम लावलेले. त्या उजेडात पांढरा मोती मलई दिसतो आणि मलई मोती सोनेरी. ‘जरा बाहेर उजेडात बघू का’ असं बिनधास्त विचारा. सराफ बाजारातल्या गल्ल्या अरुंद आहेत, सकाळी तिथे थेट ऊन नसतं पण आकाशाचा उजेड असतो. मोती बघायला तो फार चांगला. पायरीवर उभं राहून बघू देण्यात चांगल्या सराफाला अडचण वाटत नाही. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडच्या काचबंद दुकानांतही दाराशी येऊन बघता येतं.

सर पांढऱ्या रुमालावर ठेवून मूळ रंग बघा. मग सर हळूच लोळवा आणि झाक बघा. मग तो गळ्यावर धरून दोन पावलं मागे सरका आणि आरशात बघा. आधी चेहरा दिसला तर मोती बरोबर. आधी मोती दिसला आणि मग चेहरा, तर दुसरा सर मागवा. सोबत आलेल्या माणसाला दहा फुटांवर उभं करून त्याचंही मत घ्या, पण दोनपेक्षा जास्त माणसं नेऊ नका, निर्णय होत नाही.

किंमत विचारताना मोती कुठला, आकार किती मिलिमीटर, आणि रंग नैसर्गिक की दिलेला, हे तीन प्रश्न सुटे सुटे विचारा. ‘नैसर्गिक मोती’ आणि ‘नैसर्गिक रंगाचा मोती’ यांत फार मोठं अंतर आहे. पहिला म्हणजे माणसानं न पेरता झालेला, दुर्मीळ आणि महाग. दुसरा शेतीचाच, फक्त रंग न दिलेला. बोलताना हे दोन्ही सहज एक होऊन जातात, म्हणून पावतीवर शब्द लिहून घ्या : मोत्याचा प्रकार, शेतीचा की नाही, रंग नैसर्गिक की दिलेला. सोन्यात बसवलेला दागिना असेल तर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहिलेलं हवं, नाहीतर मोत्याचं वजनही सोन्याच्या भावात जातं. हॉलमार्क आणि त्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, एचयूआयडी, सोन्याची ग्वाही देतो. मोत्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

रंगवलेला मोती ओळखताना

हे मी ठेच लागून शिकले. भाचीच्या लग्नात बाहेरगावच्या एका दुकानातून सोनेरी मोत्यांचा सर घेतला. दीड वर्षानं दोरा बदलायला उकलला तेव्हा प्रत्येक मोत्याच्या वेजाच्या तोंडाशी गडद पिवळी कडा, आणि पांढऱ्या रेशमी दोऱ्यावर पिवळे डाग. पावतीवर फक्त ‘कल्चर मोती’, म्हणजे शेतीचा मोती, एवढंच लिहिलेलं. खोटं काही नव्हतं, पण खरंही सगळं नव्हतं. भाचीला सांगताना माझा आवाज फुटत नव्हता.

तेव्हापासून मी पहिलं वेज बघते. सराफाकडे भिंग असतंच, ते मागून घ्या. वेजाच्या कडेला किंवा बारीक चिरेत रंग साचलेला दिसला तर मोती रंगवलेला. पूर्ण सर रंगानं तंतोतंत एकसारखा असेल तरी शंका घ्या, कारण न रंगवलेल्या मोत्यांत बारीक फरक राहतातच. गोड्या पाण्याचा काळा, गर्द निळा, पोपटी किंवा राणी रंगाचा मोती म्हणून दाखवला तर तो रंग दिलेलाच समजा. गोड्या पाण्यात निसर्गतः काळा मोती होत नाही. चॉकलेटी ताहितीही बहुधा प्रक्रिया केलेलाच असतो. रंगवलेला मोती घेणं गुन्हा नाही, कार्यक्रमापुरता घ्यायला छान आहे. किंमत मात्र रंगवलेल्याचीच द्या.

मोती खरा की काचेचा हे बघायला दोन मोती एकमेकांवर अगदी हलके घासा. खरे मोती किंचित रवाळ लागतात, काचेचे गुळगुळीत घसरतात. न रंगवलेला आणि रंगवलेला यांतला फरक यातून कळत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

कोणत्या दागिन्यात कोणता रंग

नथीचे मोती ओठाच्या वर येतात, त्यामुळे तिथे लिपस्टिकच्या रंगाची छाया पडते. गर्द लाल लिपस्टिक लावणार असाल तर रुपेरी झाकेचे मोती घ्या, गुलाबी झाकेचे जास्तच लाल दिसतात. कुड्या केसांच्या काळ्या रंगाशेजारी असतात, त्यामुळे त्यांना थोडा मलई रंग जास्त गोड दिसतो. चिंचपेटी गळ्याला चिकटून बसते, म्हणून त्वचेशी जुळणी सगळ्यात काटेकोर तिथेच लागते. तन्मणीच्या खोडातले (मधल्या पदकातले) लाल-हिरवे खडे शेजारच्या मोत्यांवर आपला रंग टाकतात, तेव्हा सर आणि खोड वेगवेगळं न बघता एकत्र धरून बघा. हातात हिरवा चुडा असताना मोत्याच्या बांगड्या घालणार असाल तर हिरवट झाकेचे मोती नकोत.

पत्रिकेवरून चंद्रासाठी सांगितलेला मोती हा वेगळा विषय. तिथे रंग आधीच ठरलेला असतो, तुम्ही पाणी तेवढं बघा.

घरी आणल्यावर

मोती कॅल्शियमचा, त्यामुळे आंबट पदार्थ, अत्तर, हेअरस्प्रे आणि घाम त्याचं पाणी उतरवतात. सगळी तयारी झाल्यावर शेवटी घाला आणि घरी आल्यावर आधी काढा. मऊ ओलसर सुती कापडानं पुसून, पूर्ण वाळवून, मलमलीच्या पिशवीत आडवा ठेवा. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. नाशिकची थंडी कोरडी असते, निफाडकडे पारा उतरतो तेव्हा इथेही ओठ फुटतात. मोत्यातही थोडी ओल असते आणि फार कोरड्या हवेत बंद कपाटात पडून राहिला तर त्याला चिरा जाऊ शकतात. डिसेंबर-जानेवारीत महिन्यातून एकदा तरी काढून अंगावर घाला.

हळदीच्या दिवशी मोती अंगावर नको. हळद वेजातून आत शिरते, दोरा पिवळा होतो आणि मलई मोत्यावर डाग कायमचा बसतो. माझ्याकडे दरवर्षी असे तीन-चार सर येतात आणि दोरा बदलण्यापलीकडे मी काही करू शकत नाही.

नेहमी वापरात असेल तर वर्षातून एकदा, नाहीतर दोन-तीन वर्षांनी सर पुन्हा गाठवून घ्या. प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ मारायला सांगा, म्हणजे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी एकच मोती सुटतो.

आजीच्या सरातले दोन-चार मोती हरवले असतील आणि नवे घालायचे असतील, तर पांढरे नवे मोती आणू नका. जुने मोती वयानं पिवळसर झालेले असतात. जुना सर सोबत न्या आणि त्याच्याजवळ धरून मलई रंगाचे गोड्या पाण्याचे मोती निवडा. तंतोतंत जुळणार नाहीत. मी गाठवताना जुने मोती पुढे गळ्याशी घेते आणि नवे मागे, हुकाच्या दोन्ही बाजूंना, अंबाड्याखाली.